मिडी कीबोर्ड रीपरला जोडल्यावर आवाज का येत नाही आणि नॉब का चालत नाहीत?

आपण विचारले आहे की, पंचवीस पट्ट्यांचा आणि आठ नॉबचा नवा मिडी कीबोर्ड रीपर या संगणकावरच्या ध्वनिमुद्रण प्रोग्रॅमला जोडला, पट्टी दाबली की ट्रॅकवरचा मीटर हलतो, पण आवाज येत नाही. आणि नॉब कितीही फिरवला तरी ट्रॅकचा व्हॉल्यूम जागचा हलत नाही. हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि रीपरमध्ये त्यांची उत्तरेही दोन वेगळ्या ठिकाणी आहेत. ते एकत्र धरल्यामुळेच बहुतेकांचा पहिला आठवडा वाया जातो.

आधी आवाजाचे पाहू. मिडी कीबोर्ड म्हणजे भाता नसलेली पेटी. पट्टी दाबल्यावर त्यातून आवाज निघत नाही, फक्त निरोप निघतो: कोणता स्वर, किती जोराने दाबला आणि केव्हा सोडला. 1983 मध्ये मिडी हे निरोपांचे मानक आले तेव्हापासून हा मूळ व्यवहार बदललेला नाही. आपला मीटर हलतो याचा अर्थ निरोप ट्रॅकपर्यंत पोहोचतो आहे, म्हणजे केबल आणि ड्रायव्हर दोन्ही ठीक आहेत. (मी स्वतः एक संपूर्ण संध्याकाळ ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसवण्यात घालवली होती, शेवटी कळले की हाती आलेली केबल केवळ चार्जिंगची होती.) आता त्या ट्रॅकवरचे एफएक्स (इफेक्ट आणि वाद्ये बसवण्याचे) बटण दाबा आणि रीपरसोबतच येणारे रीसिंथ हे सॉफ्टवेअर वाद्य तेथे बसवा. ट्रॅकचे रेकॉर्डचे लाल बटण आणि मॉनिटरिंग (वाजवलेले लगेच ऐकवण्याची सोय) चालू असेल, तर त्याच क्षणी आवाज येईल. रीसिंथचा आवाज साधा आहे, पण मार्ग मोकळा आहे की नाही हे तपासायला तो पुरेसा आहे. मनासारखे वाद्य नंतर त्याच जागी बसवता येते.

आता नॉब. रीपर कीबोर्डला दोन वेगवेगळ्या परवानग्या देतो. प्रेफरन्सेसमधील मिडी साधनांच्या यादीत आपल्या कीबोर्डच्या नावावर उजवी क्लिक केलीत, तर 'इनेबल इनपुट' आणि 'इनेबल इनपुट फॉर कंट्रोल मेसेजेस' असे दोन पर्याय दिसतील. पहिल्याने कीबोर्ड वाजवता येतो, दुसऱ्याने त्याच्याकडून सॉफ्टवेअर हाकता येते. आपल्याकडे बहुधा फक्त पहिला चालू आहे. दुसराही चालू करा, मग ॲक्शन लिस्ट (रीपरच्या आज्ञांची यादी) उघडून 'सेट व्हॉल्यूम फॉर ट्रॅक 01' ही ओळ शोधा, शॉर्टकट जोडण्याची चौकट उघडा आणि कीबोर्डवरचा पहिला नॉब थोडा फिरवा. चौकटीत त्या नॉबचा सीसी (कंट्रोल चेंज, म्हणजे काय बदलायचे ते सांगणारा) क्रमांक आपोआप उमटेल. तो उमटला नाही, तर पुढे काहीही करू नका. निरोप अजून येत नाही असे समजून परवानग्या पुन्हा पाहा.

सीसी क्रमांकांकडे मात्र काळजीपूर्वक पाहावे, असे मला मनापासून वाटते. 7 हा व्हॉल्यूमचा, 10 पॅनचा (आवाज डावी-उजवीकडे नेण्याचा), 64 सस्टेन पेडलचा क्रमांक म्हणून ठरलेला आहे. एखादा नॉब चुकून 64 वर राहिला आणि अर्ध्यापुढे फिरला, तर वाद्याला पेडल दाबल्यासारखे वाटते आणि स्वर सुटतच नाहीत. म्हणून निर्मात्याच्या एडिटर प्रोग्रॅममधून आठही नॉबना 20 ते 27 हे क्रमांक द्या. मानकात त्यांना कोणतेही काम नेमलेले नाही. विंडोजवर हे करताना रीपर बंद ठेवा आणि काम झाल्यावर एडिटर बंद करा, कारण अनेक ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रॅमला पोर्ट देतात.

वाद्यातील एखादी खुंटी, उदाहरणार्थ फिल्टर, नॉबला बांधायची असेल, तर ती माउसने एकदा हलवून एफएक्स खिडकीतील 'परॅम' बटणाखालचा 'लर्न' निवडा. तेथील 'सॉफ्ट टेकओव्हर' ही खूण अवश्य करा. ती नसेल तर पडद्यावर फिल्टर 90 वर आणि हातातला नॉब 10 वर असताना, नॉबला बोट लागताच आवाज एकदम उडी मारतो, आणि ती उडी ऑटोमेशनसह (खुंट्यांच्या हालचालींच्या नोंदीसह) रेकॉर्ड होते.

पट्टी दाबल्यावर स्वर उशिरा येत असेल, तर दोष सहसा कीबोर्डचा नसून बफरचा (आवाजाचे नमुने थोडे साठवून पुढे पाठवणाऱ्या जागेचा) असतो. 44,100 च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला इतके नमुने) 1,024 नमुन्यांचा बफर सुमारे 23 मिलिसेकंद घेतो, 128 चा सुमारे 3. रेकॉर्ड करताना लहान बफर ठेवा, मिक्सिंगला मोठा.

आपण अभंग आणि भावगीते बसवता असे लिहिले आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. एक नॉब 20 ऐवजी सीसी 11 वर ठेवा. हा एक्स्प्रेशनचा क्रमांक आहे, आणि पेटीच्या सॅम्पलवर (ध्वनिमुद्रित स्वरांवर) तो डाव्या हाताने हळूहळू फिरवलात, तर भात्याचा दाब वाढतो-उतरतो तसा श्वास स्वरात येतो. वाद्य त्या क्रमांकाला प्रतिसाद देत असले पाहिजे, एवढेच. बासरी किंवा सारंगीच्या सॅम्पलवर मींड घ्यायची असेल, तर नॉब वापरू नका, पिच बेंड (स्वर वर-खाली ओढण्याची सोय) वापरा. नॉबला 0 ते 127 अशा 128 च पायऱ्या असतात, पिच बेंडला 16,384. मात्र बहुतेक वाद्यांत पिच बेंडचा पल्ला मुळात दोनच अर्धस्वरांचा असतो, म्हणजे सा पासून शुद्ध रे पर्यंतचा. वाद्याच्या सेटिंगमध्ये तो चार केलात, की शुद्ध गंधारापर्यंतची मींड एका ओढीत येते.