‘इम्यून थेरपी’ला ‘प्रतिकारशक्ती वाढवणं’ म्हणायचं का?

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलंय की गावात वाटायला त्या डायबिटीसच्या जखमांवर पत्रक लिहिताहेत, त्यात ‘ऑस्टिओमायलायटिस’ला मराठीत काय लिहायचं आणि ‘अँटिबायोटिकसोबत इम्यून थेरपी’ला ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे पूरक उपचार’ चालेल का.

पहिलं सोपंय. परिभाषेत ‘अस्थिमज्जाशोथ’ म्हणतात, ऑस्टिऑन म्हणजे हाड, मायलॉस म्हणजे मज्जा आणि आयटिस म्हणजे दाह, सूज, म्हणजे ग्रीकचं सरळ संस्कृत केलंय. पण पत्रकात हे टाकलं तर वाचणारा तिथंच पान उलटणार. आपल्याकडे म्हातारी माणसं ‘हाडले कीड लागनी’ म्हणतात, ऐकायला बरं वाटतं पण त्यानं खरंच अळ्या पडल्यासारखं वाटतं म्हणून मी ते टाळीन. जुना ‘हाड्याव्रण’ शब्द आहे, हाडापर्यंत गेलेली जखम, डायबिटीसच्या पायाला तो बसतो, पण हा आजार रक्तातून जंतू जाऊन वरून जखम नसतानाही होतो, लहान मुलांत तर बऱ्याचदा तसाच, तिथं ‘व्रण’ कुठून आणणार? ‘हाडातलं इन्फेक्शन’ लिहा, सगळ्यांना कळतं.

खरी गोची दुसऱ्यात आहे. ‘प्रतिकारशक्ती वाढवणं’ म्हटलं की कोरोनापासून लोकांना गुळवेल, काढा, च्यवनप्राश हेच आठवतं. इम्यून थेरपी म्हणजे सरसकट ताकद वाढवणं नाहीच. बहुतेक वेळा हे इन्फेक्शन करणारा जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस, आणि तो हाडात गेला की स्वतःभोवती चिकट थर करतो, ज्याला बायोफिल्म म्हणतात. ज्यांच्याकडे केळीला ठिबक आहे त्यांनी हा प्रकार पाहिलाय, नळीत जो बुळबुळीत थर बसतो आणि ड्रिपर चोक होतात तो बराचसा हाच. त्या थरातल्या जंतूंवर अँटिबायोटिक नीट चालत नाही, शिवाय हाडाच्या मेलेल्या तुकड्यात रक्तच जात नाही तर औषध कुठून पोचणार, म्हणून तो तुकडा ऑपरेशननं काढतात आणि वर साधारण 4 ते 6 आठवडे अँटिबायोटिक चालतं, आणि तरी काहींना महिन्या-वर्षांनी पुन्हा उलटतं.

आता यात इम्यून थेरपीचं काम काय, तर जंतूच्या विषाला किंवा त्याच्या एखाद्या भागाला नेमकं धरणाऱ्या अँटिबॉडी बाहेरून देणं, किंवा जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशींना (रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ‘थांबा’ असा जो सिग्नल मिळत असतो तो बंद करणं. काही ठिकाणी तर उलट, शरीराची जास्तीची सूजच आवरायची असते कारण तीही हाड खाते. मग ‘वाढवणं’ कसं बसणार? मी ‘रोगप्रतिकार उपचार’ लिहीन. आणि हे अजून मुख्यतः संशोधनाच्या पातळीवर आहे, उंदरांवर वगैरे प्रयोग चाललेत, या जंतूवर माणसांसाठी मंजूर झालेली लसही अजून नाही, तेव्हा वाक्य ‘असे उपचार देतात’ नको, ‘यावर संशोधन चालू आहे’ असं हवं, नाहीतर लोक जळगाव-धुळ्याच्या डॉक्टरांना जाऊन तेच इंजेक्शन मागतील.

‘पूरक’ तर काढूनच टाका. ‘पूरक आहार’सारखं वाटतं, घेतलं तर घेतलं. त्याहून वाईट म्हणजे कोणी ‘ऐवजी’ असं वाचून गोळ्याच बंद करायचा. ‘अँटिबायोटिकच्या जोडीला’ लिहा, ‘जोडीला’ म्हटलं की पहिलं चालूच आहे हे आपसूक येतं.

बाकी ‘प्रतिजैविक’ शब्द चांगलाय पण मेडिकलवर जाऊन कोणी ‘प्रतिजैविक द्या’ म्हणत नाही, म्हणून अँटिबायोटिकच ठेवा. अँटिबॉडीला ‘प्रतिपिंड’ आणि ‘प्रतिद्रव्य’ दोन्ही छापतात, कुठलंही एकच घ्या, एका पानावर दोन्ही आले तर लोकांना दोन वेगळी औषधं वाटतील.