हवामानात करिअर करायचंय, पण बाबा म्हणतात आयटी कर

पुण्यात सिंहगड रोडवर राहणाऱ्या एका एस.वाय. बीएस्सी फिजिक्सच्या मुलीचं पत्र आलंय. जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हापासून तिच्या डोक्यात पूर आणि हवामान हाच विषय आहे. बाबा म्हणतात त्यात नोकऱ्या कुठेत, आयटी कर. आणि तिने ऐकलंय की शेजारचे देश मिळून हवामानाचं काम करतात, तर त्यात शिरायचं कसं, परदेशात जावं लागेल का?

अगं, परदेशाचं आधी सांगते. अजिबात गरज नाही. शिवाजीनगरचं शिमला ऑफिस, म्हणजे हवामान खात्याचं ऑफिस, तुझ्या रोजच्या रस्त्यावर असेल, तिथे फक्त पुण्याचं तापमान मोजतात असं समजू नकोस. दक्षिण आशियातल्या देशांचे हवामानवाले येत्या मान्सूनचा मिळून एक अंदाज काढायला पहिल्यांदा एकत्र बसले ते एप्रिल २०१० मध्ये, आणि ते पुण्यातच. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, म्यानमार, सगळे आपापला अंदाज घेऊन येतात, एल निनोचं, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापण्याचं काय, हिंदी महासागर किती तापलाय, कुठलं मॉडेल काय म्हणतंय यावर भरपूर चर्चा होते आणि मग सगळ्यांना मान्य असा एक नकाशा निघतो, कुठे पाऊस सरासरीच्या वर जायची शक्यता किती टक्के, कुठे खाली. पाषाणला आयआयटीएम ही हवामान संशोधनाची संस्था आहे, हवामान खात्याचं ट्रेनिंग सेंटरही तिथेच आणि तिथे बाहेरच्या देशांचे लोकही शिकायला येतात.

देशांना एकत्र यावंच लागतं कारण ढग आणि नद्या काही सीमेवर थांबत नाहीत. नेपाळात पाऊस झाला की कोसी बिहारमध्ये चढते. बंगालच्या उपसागरातल्या आणि अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे इशारे दिल्लीहून १३ देशांना जातात, नावंही हेच देश मिळून देतात, ३ जून २०२० ला रायगडला झोडपून गेलेलं 'निसर्ग' हे नाव बांगलादेशाने दिलेलं.

आता मला मनापासून जे सांगायचंय ते. नुसतं हवामान शिकू नकोस, पाणीही शिक. किती मिलिमीटर पाऊस पडेल हे सांगणारे आहेत, पण त्या पावसाचं नदीत किती पाणी होईल, कधी होईल आणि ते कुठल्या गल्लीत शिरेल हे दोन्ही बाजू समजून सांगणारे फार कमी आहेत. तुझ्याच भागाचं बघ ना, त्या दिवशी घाटात पाऊस कोसळत होता, खडकवासला धरणाचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या (म्हणजे सेकंदाला ३५ हजार घनफुटांच्या) आसपास गेला, आकडा लोकांच्या मोबाईलवर आलाही असेल पण त्या आकड्याचा अर्थ आपल्या पार्किंगमध्ये किती पाणी असा होतो हे कोणी सांगायचं? २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात तर कोयना धरण आमच्याकडे, अलमट्टी धरण कर्नाटकात, म्हणजे सहकार्य देशादेशांतच लागतं असं नाही, दोन राज्यांतही लागतं. या जोडणीवरच आता काम चाललंय, २०२० पासून भारत आपल्यासकट नेपाळ, भूतान, बांगलादेश आणि श्रीलंकेसाठी अचानक येणाऱ्या पुरांचं मार्गदर्शन देतो, त्यात जमीन आधीच किती भिजलीय ते बघून, अजून किती पाऊस झाला की छोटा ओढा काठ सोडेल ते काढतात आणि त्यावरून पुढच्या ६ तासांचा आणि २४ तासांचा पुराचा धोका सांगतात.

बीएस्सी फिजिक्स-मॅथ्सवर नीट पूर्ण कर. मग पुणे विद्यापीठात वातावरण विज्ञानात एमएस्सी आहे, किंवा गेट ही पुढच्या शिक्षणासाठीची प्रवेश परीक्षा द्यायची, इंजिनिअरिंग सायन्सेसच्या पेपरात वातावरण आणि सागर विज्ञानाचा सेक्शन असतो. पाण्यासाठी खडकवासल्याला केंद्रीय जल आयोगाची राष्ट्रीय जल अकादमी आहे आणि १९१६ पासूनची सीडब्ल्यूपीआरएस ही पाणी-नद्यांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे, इंटर्नशिपसाठी मेल टाकत रहा, एकदा नाही म्हणाले तरी. हवामान खात्यात सायंटिफिक असिस्टंटची भरती स्टाफ सिलेक्शनकडून निघते पण दरवर्षी निघेल असं धरून चालू नकोस. त्याशिवाय विमा कंपन्या आहेत, पवन-सौर ऊर्जावाले आहेत, आणि बँकॉकजवळ राइम्स म्हणून अनेक देशांनी मिळून चालवलेली पूर्वसूचनेची संस्था आहे, पण तिथे अनुभव घेऊन जायचं, फ्रेशर म्हणून नाही.

बाबांची काळजी खोटी नाहीये, सरकारी जागा कमी आहेत. म्हणून या सुट्टीतच पायथन शिकायला घे आणि सरावाला दुसरं काही न घेता हवामान खात्याचा रोजच्या पावसाचा डेटा घे, फुकट मिळतो, मुठेच्या खोऱ्यातला २० वर्षांचा जुलै काढून ग्राफ कर. रिकामे दिवस सापडतील, चुकीचे आकडे सापडतील, ते साफ करताना वैतागशील, नोकरीत निम्मं काम तेच असतं. आवडलं तर पुढे जा, नाही आवडलं तर पायथन आयटीतही लागतंच, हे बाबांना सांग. आणि २३ मार्चला जागतिक हवामान दिन असतो, त्या दिवशी बऱ्याचदा ऑफिस आतून बघायला देतात, बाबांना सोबत घेऊन जा आणि तिथल्या लोकांना पगार, बदल्या, रात्रपाळी सगळं त्यांनाच विचारू दे.