अर्धी वाटी पुरते का?

प्रश्न: मिस्टरांची स्लीव्ह सर्जरी (वजन कमी करायला जठर लहान करतात ती) होऊन तीन महिने झालेत, अर्धी वाटी खिमट खाल्लं की पोट भरलं म्हणतात. सासूबाई रोज आग्रह करतात, कालही केला आणि मिस्टरांना उलटी झाली. नेमकं किती वाढू?

उत्तर: ताई, आधी सासूबाईंना प्रेमाने सांगा की आग्रह नको, कारण या सर्जरीत जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढतात, उरतं ते सुरुवातीला जेमतेम 100-150 मिली म्हणजे आपली एक छोटी वाटीच, मग त्यात जास्त जाणार कुठून? अर्धी वाटी नॉर्मल आहे. मला काळजी खिमटाची वाटते, त्याने पोट भरतं पण प्रोटीन फार कमी जातं आणि दिवसाला निदान 60 ग्रॅम तरी लागतं, म्हणून आधी अंडं, पनीर, मासा किंवा घट्ट वरण आणि जागा उरली तरच भात. घास छोटा, नीट चावून, वीस-तीस मिनिटं लागू देत. जेवताना पाणी नको, नंतरही अर्धा तास थांबा. व्हिटॅमिनच्या गोळ्या चुकवू नका. उलट्या वारंवार झाल्या किंवा पाणीही टिकेना तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा, प्लीज.