काडीसारखा मासा, पोट खपाटीला

प्रश्न : नवी टाकी लावून पंधरा दिवसांत दोन ट्विग कॅटफिश (फार्लोवेला) सोडले. एक मेला. दुसरा दिवसभर लाकडाला चिकटून असतो, पोट आत गेलंय. शेवाळाच्या गोळ्या टाकतो, पण त्या गप्पीच फस्त करतात. काय चुकतंय?

उत्तर : मासा उपाशी आहे. दिवसा निपचित पडणं हा त्याचा स्वभावच, कारण दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांत तो वाळकी काडी होऊनच जीव वाचवतो. पण काचेला चिकटल्यावर खालून पोट पाहा. ते सपाट किंवा किंचित फुगीर हवं, खड्डा पडलेला नको. नव्या टाकीत शेवाळ धरलेलं नसतं, हे खरं दुखणं. निदान चार-सहा महिने मुरलेली टाकीच याला मानवते.

आता रोज रात्री दिवा मालवल्यावर दुधीची किंवा काकडीची अर्धा इंच जाड चकती दोन मिनिटं उकळून, गार करून, स्टीलच्या काट्याला टोचून त्याच्या लाकडाजवळच बुडवा. सकाळी उरलेली काढाच, नाहीतर ती सडून अमोनिया वाढतो, आणि तो याला अजिबात सोसत नाही. तापमान २४ ते २६ अंश, पीएच ६ ते ७, दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. बोअरचं पाणी जड असेल तर आरओचं मिसळा, मात्र हळूहळू.

हलवायचा झाल्यास जाळी नको, नाकाडाचं टोक मोडतं. पाण्यातच डब्यात घ्या.