सासूबाईंसाठी कॅमेरा: रंग सोडा, बटण बघा

ताई, सासूबाई साठीच्या झाल्या, भजनी मंडळाबरोबर ओंकारेश्वर-महेश्वर करतात, फोनवर काढलेला फोटो दरवेळी हलतो, म्हणून पर्समध्ये मावणारा 'लेडीजसाठी सोपा' कॅमेरा हवा, असं तुम्ही विचारलंय. इंदूरच्या जेल रोडवर दुकानदाराने गुलाबी पुढे केला म्हणता. मलाही कधीकाळी गुलाबीच दिला होता आणि मी हौसेने घेतला. बायकांचा कॅमेरा वगैरे काही नसतं हो. आत तेच यंत्र, वर दुसरा रंग.

सोपं काय ते हात ठरवतो. माझी आई फोटोच्या बटणावर दारावरची बेल वाजवावी तशी टिचकी मारायची आणि फोटो हलायचा. शेवटी तिला म्हटलं, सुईत दोरा ओवताना क्षणभर श्वास धरतेस ना, तसं कर. बटण अर्धंच दाब, पडद्यावरची चौकट हिरवी होऊ दे, मग उरलेलं दाब. दोन दिवसांत जमलं. हे अर्धं दाबणं फोनच्या काचेवर होत नाही, म्हणून कॅमेरा घ्यायचा. तर दुकानात सासूबाईंनाच न्या. बंद कॅमेरा त्यांच्या हातात द्या, स्वतः गप्प बसा. चालू करणं, अर्धं दाबणं, काढलेला फोटो बघणं, एवढं चष्म्यासकट त्यांना जमलं पाहिजे. मागे अंगठा टेकतो तिथेच व्हिडिओचं बटण नाही ना, तेही बघा. आमच्या एका मावशीच्या कार्डात साडीच्या काठांचे पंधरा व्हिडिओ निघाले होते!

आता मॉडेल. मेगापिक्सेलकडे लक्ष देऊ नका. कॅननचा पॉवरशॉट एसएक्स ७४० एचएस २९९ ग्रॅमचा आणि पॉवरशॉट जी ७ एक्स मार्क ३ हा ३०४ ग्रॅमचा. दोन्ही सुमारे २० मेगापिक्सेलचे, पर्सला फरक कळणारही नाही. फरक आतल्या सेन्सरचा, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चकतीचा आहे. जी ७ एक्सचा 'एक इंची' म्हणतात (नावालाच इंच, प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलीमीटर), तरी तो ७४० च्या सेन्सरच्या चौपट मोठा. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसाची वाफ आणि पिवळे दिवे टिपायचे तर हाच, फ्लॅश न मारता. पण झूम जेमतेम ४ पट, आणि किंमत ऐकून घरात चर्चा होते. ७४० चं झूम ४० पट. नर्मदेच्या या काठावरून पलीकडच्या मंदिराचा कळस जवळ येतो. तुमच्या सासूबाईंचं फिरणं दिवसाउजेडी आहे, तेव्हा मी ७४० च घेईन. झूम मात्र पूर्ण ताणू नका, तेवढं ताणलं की श्वास धरूनही हात हलतो. 'डिजिटल झूम' सेटिंगमधून बंदच करून द्या, तो फोटो नुसता ताणून मोठा करतो.

दोन्हींना डोळा लावून बघायची खिडकी नाही. महेश्वरच्या घाटावर बाराच्या उन्हात पडदा काळा दिसतो. पदर धरायचा त्यावर, दुसरा इलाज नाही.

रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत मात्र यांतला कुठलाच नेऊ नका. राजवाड्यापाशी माझा एक असाच गेला. गुलाल लेन्सच्या नळीत शिरला, ती बाहेर आली ती आत जाईना. दुरुस्तीवाल्याने सांगितलेल्या खर्चात दुसरा आला असता. तिथे ऑलिम्पसच्या टफ टीजी-६ सारखा हवा. त्याची लेन्स बाहेर येतच नाही, धूळ शिरत नाही आणि १५ मीटर खोल पाण्यातही चालतो.

साधे स्वस्त छोटे कॅमेरे फोनमुळे बाजारातून जवळपास गेलेच. जुना घेतलात तर त्याची बॅटरी अजून नवी मिळते का, आधी तेवढं बघा. कॅमेऱ्याला मनगटाची दोरी लावा, ३२ जीबीचं कार्ड पुष्कळ झालं.

आणि पहिल्याच दिवशी तारीख-वेळ तुम्हीच लावून द्या. आमच्या आईच्या अख्ख्या महेश्वरच्या सहलीवर १ जानेवारी आहे, आणि ती गेली होती श्रावणात.