नव्या मांगांबद्दल पहिल्या खंडावरून मत बनवावे का?

प्रश्न : गेल्या काही वर्षांत सुरू झालेल्या निरनिराळ्या प्रकारच्या जपानी मांगा (चित्रकथा) मालिकांचे आरंभीचे खंड मी लागोपाठ वाचले. त्यांविषयीची माझी मते आपल्यापुढे ठेवतो आणि आपले मत विचारतो. ताकेरु होकाझोनो यांची ‘कागुराबाची’ मला शिळी वाटली, कारण तलवारी, मारला गेलेला बाप आणि सूड उगवणारा मुलगा हे सारे यापूर्वी अनेकदा वाचून झाले आहे. मोकुमोकुरेन यांची ‘हिकारु गा शिन्दा नात्सु’ ही भयकथा असूनही तिच्यातले रहस्य पहिल्याच प्रकरणात फुटते, मग पुढे भीती उरते कशाची? ‘आकाने-बानाशी’ ही राकुगो या कथाकथनाच्या कलेवरची मालिका आहे. जी कला कानांनी ऐकायची ती कागदावर आणण्याचा अट्टहास का, असे वाचताना सतत वाटत राहिले. इनुहिको दोरोनोदा यांची ‘किमी तो उचू ओ आरुकु तामे नी’ मात्र मनापासून आवडली. ‘काओरु हाना वा रिन तो साकु’ ही सरळ प्रेमकथा असूनही शोनेन (किशोरवयीन मुलांसाठीच्या) गटात का मोडते, हेही कळले नाही. माझी मते घाईची तर नाहीत ना?

उत्तर : आपली सगळी मते घाईची नाहीत, पण पहिल्या तिन्ही मालिकांना आपण एकाच मापाने मोजले आहे आणि ते माप कथानकाचे आहे. नवी मांगा वाचताना ती मुळात कुठे आणि किती दिवसांच्या अंतराने छापली जात होती हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे, कारण पहिल्या खंडाची घडण बरीचशी त्यावरूनच ठरते.

‘कागुराबाची’ सप्टेंबर २०२३ मध्ये ‘वीकली शोनेन जम्प’मध्ये सुरू झाली. १९६८ पासून निघणाऱ्या या नियतकालिकाच्या एका अंकात वीसच्या आसपास मालिका असतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला साधारण एकोणीस-वीस पाने येतात. अंकासोबतच्या कार्डावर वाचक आपल्या आवडीच्या तीन मालिका कळवतात. ज्या नव्या मालिकेला पुरेशी पसंती मिळत नाही ती दोन-तीन खंडांतच गुंडाळली जाते. अशा ठिकाणी नवख्या चित्रकाराला वाचकाच्या ओळखीची कथा पुढे करूनच पाय रोवावे लागतात, आणि म्हणून सूडाची कथा जुनी आहे ही आपली तक्रार रास्त असली तरी तेवढ्यावरून मालिका निकालात काढणे मला पटत नाही. त्यापेक्षा लढाईची पाने पाहावीत. नायक चिहिरोची तलवार चालते तेव्हा शाईचे काळे गोल्डफिश चौकटीतून पोहत जातात. आजूबाजूची गडबड त्या क्षणी थांबल्यासारखी वाटते आणि वार कुठून कुठे गेला हे डोळ्यांना त्या माशाच्या वाटेवरून कळते. गतीच्या रेघांची गर्दी न करता वेग दाखवण्याची ही हातोटी फार थोड्या पदार्पणांत दिसते. निदान तिसऱ्या खंडापर्यंत तरी ती वाचावी, असा माझा आग्रह आहे.

‘हिकारु गा शिन्दा नात्सु’बद्दल मात्र मी आपल्याशी पूर्णपणे असहमत आहे. डोंगरात नाहीसा होऊन परतलेला मित्र हा खरा हिकारु नाही ना, असे कथेचा नायक योशिकी त्याला तोंडावर विचारतो, आणि समोरचा चेहरा वितळू लागतो. हे सारे आरंभीच घडते, कारण लेखकाला रहस्य राखायचेच नाही. आपला मित्र गेला आहे हे पक्के ठाऊक असूनही त्याच्या रूपातल्या त्या अनोळखी गोष्टीला योशिकी सोडू शकत नाही. वाचकाला धास्ती वाटते ती योशिकीच्या या ओढीची, आणि ती पुढच्या प्रत्येक प्रकरणात वाढत जाते. पानांवरचे आवाजही पाहावेत. उन्हाळ्यातल्या सिकाडा किड्यांची किरकिर दाखवणारी अक्षरे चौकटींवर इतकी दाट पसरलेली असतात की त्या दोघा मुलांना उभे राहायला जागा उरत नाही, आणि ती अक्षरे जिथे थांबतात तिथली शांतता अंगावर येते. गेल्या काही वर्षांतल्या भयकथांमध्ये मी हिला फार वरचे स्थान देतो.

‘आकाने-बानाशी’विषयीचा आपला आक्षेप निम्मा खरा आहे. युकी सुएनागा यांचे लेखन आणि ताकामासा मोउए यांची चित्रे असलेली ही मालिकाही ‘जम्प’मध्येच, २०२२ मध्ये सुरू झाली. राकुगोत एकच कलावंत उशीवर बसून, पंखा आणि हातरुमाल एवढ्याच साधनांनी सगळी पात्रे उभी करतो. मान एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे वळवली की बोलणारा बदलला हे श्रोत्याला कळते. आवाजातला चढउतार कागदावर येणार नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण मान वळणे, डोळे बारीक होणे, पुढच्या रांगेतल्या श्रोत्याचा चेहरा बदलणे हे सारे चौकटींत फार नेमके पकडता येते, कारण एका चौकटीतून दुसरीत जातानाही बोलणारा असाच बदलतो. बढतीच्या परीक्षेत नायिका आकानेच्या राकुगो-कलावंत बापाला मुख्य परीक्षकाने मंडळीतून काढून टाकले, तो प्रसंग तिच्या नजरेने पुन्हा वाचून पाहावा.

दोरोनोदा यांच्या मालिकेबाबत आपल्या आवडीत मी सहभागी आहे. नव्या परिस्थितीत कसे वागायचे हे वहीत लिहून ठेवणारा, अवकाशाच्या वेडाने झपाटलेला उनो, आणि साध्या अर्धवेळ कामातही चुका होत असल्याने खजील झालेला कोबायाशी यांची मैत्री कुठेही कीव न करता रंगवली आहे. या मालिकेला २०२४ चा मांगा ताइशो पुरस्कार मिळाला. आठपेक्षा अधिक खंड झालेली मालिका या पुरस्काराला चालत नाही आणि निवड करणाऱ्यांत पुस्तकांच्या दुकानांतले कर्मचारी मोठ्या संख्येने असतात. तेव्हा आरंभीच्या खंडांवरून मत बनवण्यात मुळात काही गैर नाही.

शोनेन (मुलगे), शोजो (मुली), सेइनेन (तरुण पुरुष), जोसेइ (प्रौढ स्त्रिया) ही नावे नियतकालिक कोणत्या वयाच्या व गटाच्या वाचकांसाठी निघते ते सांगतात. कथेचा प्रकार त्यांतून कळत नाही. ‘काओरु हाना वा रिन तो साकु’ २०२१ पासून कोदान्शा या प्रकाशनसंस्थेच्या ‘मॅगझिन पॉकेट’ या ॲपवर येते, आणि ते शोनेन वाचकांसाठी आहे, एवढेच त्याचे कारण.

प्रश्न (त्याच पत्रातून) : मी हे सर्व खंड फोनवर, एका वेळी एक पान असे वाचले. त्याने मतांत फरक पडला असेल का?

उत्तर : ‘कागुराबाची’पुरता नक्कीच पडला असेल. मांगाचे पान उजवीकडून डावीकडे वाचतात आणि चित्रकार समोरासमोरची दोन पाने एकत्र धरून मांडणी करतो. डाव्या पानाच्या तळातली शेवटची चौकट उत्सुकता ताणून धरते आणि पान उलटल्यावर उजवीकडे धक्का बसतो. लढाईतला निर्णायक वार बहुधा दोन्ही पाने व्यापणाऱ्या एकाच चित्रात असतो. एकेक पान पाहिले तर ते चित्र मधोमध चिरले जाते आणि तलवारीची वाट तुटते. फोन आडवा धरून दोन पाने एकत्र दिसू द्यावीत, किंवा मोठ्या पडद्यावर वाचावे. शक्य असल्यास पहिल्या खंडातल्या लढाया तशा पुन्हा पाहाव्यात आणि मत बदलले तर जरूर कळवावे.