बाईकचं इंजिन न खोलता एक लाख किलोमीटर चालू शकतं का?

हो, चालतं. त्यासाठी सर्वात जास्त लक्ष ऑइलच्या पातळीवर ठेवा. ऑइल वेळेवर बदलणारे बरेच जण मधल्या काळात डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून बघतच नाहीत. छोट्या इंजिनात मावतं जेमतेम एक लिटर, त्यातलं 300 मिली जळालं तर हेडमधल्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातल्या, व्हॉल्व्ह (झडपा) उघडणाऱ्या कॅमपर्यंत ऑइल नीट पोहोचत नाही आणि कॅम घासायला लागतो. दर 500 किमीला गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, थोडं थांबून पातळी बघा. ऑइल जासो एमए किंवा एमए2 (बाईकच्या ऑइलसाठीचा जपानी दर्जा) असंच घ्या. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरू शकतो.

दुसरा शत्रू धूळ. एअर फिल्टर फाटला किंवा नीट बसला नाही की बारीक धूळ पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर खाते. मग सायलेन्सरमधून निळसर धूर येतो.

टॅपेटची (व्हॉल्व्हला दाबणारा भाग) फट थंड इंजिनावर, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मॅन्युअलमधल्या मापाला लावा. थोडा टकटक करणारा टॅपेट परवडला, फार घट्ट झालेला नाही. तो आवाज करत नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

चेन उघडी असेल तर 500 किमीला साफ करून ल्यूब लावा, ढील साधारण 20 ते 30 मिमी ठेवा. बदलताना दोन्ही स्प्रॉकेटसकट (चेनची दातेरी चाकं) बदला.

आणि सकाळी थंड इंजिन लगेच रेस करू नका.